पन्नास केबीत न मावलेलं भरतकाम

"माह्या हॉलचा फोटो लहान काहून केला बे?"

वाशीमच्या एका मंगल कार्यालयाचे मालक माझ्या टेबलावर मूठ आपटून विचारत होते. त्यांच्या वेबसाइटवर पहिलाच फोटो हॉलचा होता, चौदा एमबीचा. मुलीकडची मंडळी मोबाइलवर साइट उघडायची, पांढऱ्या पडद्यावर गोल गोल फिरणारं चाक बघत बसायची आणि कंटाळून दुसरा हॉल शोधायची. मी तो फोटो हलका करून दिला, तर साहेबांनी नेमका आकडा पाहिला.

"चौदाचा होता आन् आता पाव एमबी बी नाई! अर्धं मंगल कार्यालय खाऊन टाकलं तुनं!"

मी दोन्ही फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि म्हटलं, "भाऊसाहेब, यातला तुमचा जुना कोणता ते ओळखा." त्यांनी चष्मा लावला, पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकले आणि ठामपणे मी हलका केलेल्या फोटोवर बोट ठेवलं. "हा! ह्याच्यात झुंबर कसं चमकून राह्यलं पाहा." मी म्हटलं, बरं, मग हाच ठेवू. साहेब समाधानाने चहा पिऊन गेले.

हा असा माझा धंदा. सोयरिकीला गेलो की हटकून कोणीतरी विचारतं, काय करता? फोटो हलके करतो, म्हटलं की समोरचा माझ्याकडे जरा कीव करूनच बघतो. पूर्वी स्टेशनजवळ माझा स्टुडिओ होता तेव्हा तरी लोकांना कळायचं. लग्नं, साखरपुडे, पासपोर्ट फोटो. मग सगळ्यांच्या हातात कॅमेरे आले आणि माझ्या पडद्यामागच्या खुर्चीवर धूळ बसली. पुढे लोकांना वेबसाइटी करून देता देता या एकाच कामाचं असं वेड लागलं की बाकीचं आपोआप सुटत गेलं. बायको म्हणते, तुम्हाला फोटो काढण्यापेक्षा त्यातलं काढून टाकण्यातच मजा वाटते. खोटं नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना सोप्यात सांगतो. फोटो म्हणजे लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवला तर फाइल अवाढव्य होते. पण आभाळाचा फोटो असेल तर प्रत्येक ठिपक्यासाठी 'निळा, निळा, निळा' कशाला लिहायचं? 'इथून तिथपर्यंत निळा' एवढं एकदा लिहिलं की झालं. ही झाली पहिली युक्ती. दुसरी ऐकली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक फार बारीक कळतो, पण रंगातला फरक तितका बारीक कळत नाही. म्हणून फोटोतला उजेड जसाच्या तसा ठेवायचा आणि रंगाची माहिती बरीचशी फेकून द्यायची. पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही!

अहो, जगात कुठेतरी बसून कोणीतरी माणसाचा डोळा काय बघतो याचा नाही, काय बघत नाही याचा हिशेब मांडला. त्यांची नावं मला माहीत नाहीत, पण कोणी समोर आणून उभं केलं तर मी भर रस्त्यात त्यांच्या पाया पडेन. जुना जेपेग होता, मग वेबपी आला, आता एव्हीआयएफ आहे. प्रत्येक नव्या प्रकारात तोच फोटो आणखी कमी जागेत बसतो. इतकी वर्षं झाली, तरी बटण दाबलं आणि आकडा धाडकन खाली आला की मी अजून मनातल्या मनात 'बाप्पा!' म्हणतो.

माझी एक सवय आहे. काम झालं की ते दुकानातल्या वायफायवर तपासायचं नाही. जुना, पडद्याला तडा गेलेला फोन घ्यायचा आणि मोटरसायकलवर किन्हीराजाला, माझ्या गावी जायचं. आमच्या बौद्धपुऱ्यातल्या घराच्या ओट्यावर नेटवर्कची एकच काडी असते, तीही वाऱ्यावर अवलंबून असल्यासारखी. तिथे साइट उघडली तर काम पास. नाही उघडली तर परत वाशीम. वाशीमची पोरं हसतात मला, हसू द्या. ज्यांच्याकडे पाच काड्या आहेत त्यांच्यासाठी माझी गरजच काय?

हे सगळं सांगितलं ते सेवंताबाईची गोष्ट कळावी म्हणून.

सेवंताबाई मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरची. चाळिशीची, बोलायला खणखणीत, तिथल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. तांडा म्हणजे बंजारा समाजाची वस्ती. तिथली बहुतेक घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात ती पाडवा उलटल्यावरच परततात. सेवंताबाईही लग्न झाल्यापासून दर साल नवऱ्याबरोबर जात आलेली. मागे राहायची तिची म्हातारी सासू. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात आणि या म्हातारीला सगळा तांडाच याडी म्हणतो.

"मागच्या साली आमी तिकडं फडात होतो आन् याडी इकडं तापानं फणफणली," सेवंताबाई मला म्हणाली होती. "पानी द्यायले कोनी नाई, भाऊ. निस्ते म्हातारे न् कुत्रे. यंदा मले जायचंच नाई. पन घरी बसून खाऊ काय?"

त्याचं उत्तर तिनेच शोधलं होतं. याडीच्या हातात भरतकाम होतं, आरसे लावलेलं, दाट टाक्यांचं. तिच्याकडून सेवंताबाई शिकली, मग गटातल्या आणखी दोघी-तिघी. पिशव्या, बटवे, उशांचे अभ्रे. पुण्यातल्या एका दुकानवाल्या मॅडमनी कुठूनतरी ऐकून निरोप पाठवला होता, 'साइट असेल तर दाखवा, पसंत पडलं तर हंगामभर काम देते.' म्हणून सेवंताबाई माझ्याकडे आली. इकडे ऊसतोडीचे मजूर ठरवणारा मुकादम तांड्यावर फिरत होता. गाडी यायच्या आधी त्याला येतो किंवा येत नाही सांगणं भाग होतं. एकदा येतो म्हटलं की माघार नाही. म्हणजे माझी साइट आणि मुकादमाची गाडी, दोघींत आधी कोण पोचतं असा प्रकार होता.

मी साइट केली. सेवंताबाईने फोटो आणून दिले, ते मी घाईत, एकेक न पाहताच, नव्या प्रकारात घातले, आणखी पिळले. साइट ओट्यावर फाडकन उघडली. मी खूश, ती खूश.

दोन दिवसांनी ती माझ्या दुकानात आली ती लालबुंद होऊन. "थ्या बाईनं आमाले लबाड म्हनलं, भाऊ! म्हने हे छापील कापड हाय. हातचं काम म्हून इकू नोका, म्हने. याडीचे डोये गेले ह्याच्यापायी आन् हे छापील?"

मी म्हटलं, बसा, पाणी प्या. आणि एक फोटो मोठा करून पाहिला. पाहतो तर काय, मॅडमचं काही चुकलं नव्हतं. आरशांच्या जागी पांढरे डाग. लाल दोरा शेजारच्या निळ्यात विरघळलेला. टाका म्हणून दिसतच नव्हता, नुसता रंगाचा सपाट लेप. माझ्या पिळण्याने एवढं होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मूळ फोटोच उघडला, तर तोही तसाच मेलेला.

"सेवंताबाई, हे फोटो माझ्याकडे यायच्या आधी कोणी कमी केले होते का?"

"मीनंच तं केले!" ती अभिमानाने म्हणाली. "मानोऱ्याले फॉर्म भराच्या सेंटरवर नेले आन् एकूनएक फोटो पन्नास केबीच्या आत बसवून आनला. म्हटलं भाऊले कायले तरास द्यायचा? ऑनलाईनले पन्नासच्या वर घेतच नाई ना!"

मी कपाळावर हात मारून घेतला. एक मन म्हणे ओरड, दुसऱ्या मनाला हसू आवरेना. तिचं तरी काय चुकलं होतं सांगा? आमच्या भागात ऑनलाइन म्हणजे फॉर्म. शिष्यवृत्तीचा, विम्याचा, भरतीचा. फॉर्म म्हटला की फोटो पन्नास केबीच्या आत, सही वीसच्या आत, नाहीतर लाल अक्षरात नकार. या भागातल्या शहाण्या माणसाला हे पाठ असतं आणि सेवंताबाई चांगलीच शहाणी होती. पासपोर्ट फोटोचा चेहरा पन्नास केबीत बसतो. याडीचं भरतकाम बसत नाही, एवढंच.

"मूळचे फोटो फोनमध्ये आहेत ना?"

"नाई. जागाच नव्हती. पुसून टाकले."

इथे या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. फोटोतून जे एकदा फेकलं ते गेलं. कुठलंही यंत्र ते परत आणून देत नाही. आणल्यासारखं दाखवतं, पण ते त्याच्या मनाचं असतं. मी पुण्याला फोन लावला. मॅडम तुटकच बोलल्या. "या आठवड्यात मी खरेदी ठरवतेय. नवे फोटो टाका, पाहीन. पण मला आधी दोनदा फसवलंय लोकांनी, तेव्हा आशा लावून बसू नका." मी फोन ठेवला, जुना कॅमेरा कपाटातून काढला, पुसला आणि म्हटलं, सेवंताबाई, उद्या सकाळी मी तांड्यावर येतोय.

सकाळचं ऊन तिरपं असतं म्हणून लवकर गेलो. तिरप्या उन्हात प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि कापड जिवंत होतं. याडी अंगणात बसली होती. कापड डोळ्यांच्या इतकं जवळ की सुई पापणीला लागते की काय असं वाटून माझाच जीव वरखाली होत होता. कापडावर खडूची रेघ नाही, छाप नाही, काही नाही. सुईच्या टोकाने ती कापडाचे धागे चाचपायची, मोजायची आणि टाका घालायची.

"याडी, नक्षी कुठं काढलेली आहे?" मी विचारलं.

"काढाची कायले? हाय ना," ती म्हणाली आणि सुई पुढे सरकवली.

मी तिचा फोटो काढायला कॅमेरा उचलला तर खेकसलीच. "माहा नोको काढू! म्हातारीचा काय फोटो पाहाचा? कापडाचा काढ."

मग कापडाचेच काढले. पिशवी हातात घेतली आणि बोटं फिरवली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण काय घेऊन बसलो होतो. टाक्यावर टाका, लाल, पिवळा, निळा, पांढरा, आणि मध्ये आरसे बसवलेले. मूळ कापड कुठे दिसतच नव्हतं. हे मी कित्येक वर्षं बाजारात बायकांच्या अंगावर पाहिलं होतं आणि खरं तर पाहिलंच नव्हतं.

वाशीमला येऊन कामाला बसलो. आधी सगळे फोटो एकाच दर्जावर, नव्यातल्या नव्या प्रकारात घातले. तांड्याचा फोटो, अंगण, उन्हात वाळत घातलेलं कापड, सगळे गुमान आक्रसले. याडीची पिशवी मात्र आक्रसेना! पुन्हा केलं. नाहीच. शेजारी पडताळायला म्हणून बाजारातली छापील पिशवी आणून तशाच उन्हात तिचा फोटो काढला. तो चटकन बारीक झाला. याडीची पिशवी तिच्या चौपट जड.

मी थबकलो. यंत्राला सपाट जागा सापडली की ते तिथे काटछाट करतं. छपाईत नुसता रंग असतो, त्याला उंची नसते, सावली नसते. याडीच्या पिशवीत प्रत्येक टाका थोडा उंच, थोडा तिरका, स्वतःची सावली घेऊन बसलेला. हजारो टाके आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नाही. त्या बिचाऱ्या प्रोग्रामला 'इथून तिथपर्यंत तेच' असं म्हणायला कुठे जागाच मिळत नव्हती. जगातल्या एवढ्या हुशार माणसांनी केलेली युक्ती आणि मानोऱ्याची एक म्हातारी तिला पुरून उरली होती. मी आकडा पाहत नुसता बसून राहिलो. मंगल कार्यालयाच्या मालकांना हा आकडा दाखवायला हवा होता.

आता तडजोड. साइट उघडताना छोटे, हलके फोटोच येतील. पिशवीवर बोट ठेवलं तरच मोठा फोटो मागून येईल, आणि त्या एका फोटोत रंग अजिबात फेकायचे नाहीत, निळ्याशेजारचा लाल लालच राहिला पाहिजे. तो मोठा फोटो शेवटचा तपासायला म्हणून मी कोपरान् कोपरा पाहत गेलो. आणि एका आरशाच्या कडेला, पिवळ्या टाक्याखाली दबलेला, मला एक लांब पांढरा केस दिसला.

दोरा नव्हे, केस. याडीचा.

माझा हात आपोआप पुसायच्या साधनावर गेला. स्टुडिओच्या काळात किती नवरीमुलींच्या गालांवरून केस, मुरुम, डाग पुसलेत याची गणती नाही, ते बोटांनाच पाठ झालंय. पण पुसवेना. या केसाइतकं खरं त्या फोटोत दुसरं काहीच नाही असं मला वाटायला लागलं. तरी निर्णय माझा एकट्याचा नव्हता. सेवंताबाईला फोन केला.

"अगं बाई! काढा काढा, भाऊ!" ती घाबरली. "थे बाई म्हनन, किती गबाळ्या हायेत ह्या. आधीच लबाड म्हनली, आता घान बी म्हनन. मुकादम परवा येऊन राह्यला. नोको, पुसाच तुमी."

मागून याडीचा आवाज आला. काय झालं ते तिने विचारून घेतलं असावं. मग ती मोठ्याने म्हणाली, "राहू दे. माहा हाय."

सेवंताबाई हळूच म्हणाली, "ठेवा मंग. याडी म्हनते तं ठेवा."

मी ठेवला. किन्हीराजाच्या ओट्यावर जाऊन तपासलं. छोटे फोटो पटकन आले. पिशवीवर बोट ठेवलं, तर मोठा फोटो जरा वेळ घेऊन, पण आला. वर केस दिसतच होता. आता घरदार त्या केसावर टांगलंय असं वाटून परतीच्या वाटेवर दोनदा मोटरसायकल थांबवली, पुसून टाकावं का म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन. त्या गाडीत होत्या, घाटात. "तुमची साइट इथेसुद्धा उघडली हो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो. "ती आरशांची पिशवी मी मोठी करून पाहिली. त्यात एक पांढरा केस आहे. काम करणाऱ्या बाईंचा का?"

"हो… आजीबाई आहेत… पुसून देतो, मॅडम, लगेच…"

"पुसू नका हो!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "यंत्राचे केस गळत नाहीत, एवढं मला कळतं. ती पिशवी मी माझ्यासाठी घेतेय, विकायला नाही. आणि त्या गटाच्या ताईंचा नंबर द्या. मी त्यांना वाईट बोलले, ते आधी परत घ्यायचंय."

मी नंबर सांगितला. वयाला न शोभेल असं डोळ्यांत पाणी आलं, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मी संगणकाखाली वायर शोधायचं नाटक केलं.

सेवंताबाईने मुकादमाला नाही म्हटलं. गटातल्या आणखी दोन घरांनी नाही म्हटलं. तेवढ्यांनाच पुरेल इतकं काम होतं. गाडी आली तेव्हा बाकीचा तांडा नेहमीप्रमाणे भांडीकुंडी घेऊन चढला. त्यातल्या काही बायका भरतकाम शिकायला बसल्या होत्या, त्यांचा हात अजून बसला नव्हता. हे सेवंताबाईने सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात आनंद कमी आणि ओशाळलेपण जास्त होतं. एका साइटने तांडा थांबत नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे बरेच दिवस तिचा फोन नव्हता. मग फेब्रुवारी सरता सरता फोनवर एक फोटो येऊन पडला. तांड्यामागचं माळरान आणि त्यावर पेटल्यासारखा फुललेला पळस. एक नव्हे, पंधरा-वीस झाडं. तिरप्या सकाळच्या उन्हात काढलेला. फोटो सात एमबीचा. लगेच तिचा फोनही आला.

"भाऊ, पाह्यला का? आमच्या तांड्याचा पयस हाय. लगन होऊन आली तवापासून मी इथली, पन हा मले माईतच नव्हता. पयस फुलते तवा आमी फडात राहतो ना. झाडं उगी हिरवी आसतेत म्हून समजत होती मी." ती हसत होती की रडत होती ते कळेना. "याडी म्हनते, दर सालीच फुलते, पाहाले कोनी नसते."

मी फोन कानाला लावूनच तो फोटो संगणकाच्या पडद्यावर उघडला.

"साइटवर टाकता का भाऊ, हा बी? कमी करून घेजा."

"खबरदार," मी म्हटलं. "याला कोणी हात लावायचा नाही."